उरलेल्या व्होल्टांचा हिशेब

दिवाळीला थोडे दिवस उरले असतां आमच्या घरांत एक लहानसें पण कडाक्याचें भांडण झालें. भांडणाचें मूळ होतें एक आकाशकंदील, आणि त्या कंदिलाच्या पोटांत दडलेला, आंगठ्याच्या नखाएवढा, तीन पायांचा एक काळा तुकडा. त्या तुकड्याची हकीकत या महिन्याच्या सदरांत सांगण्याचें योजिलें आहे. अलीकडे ज्या घरांत शाळा-कॉलेजांत जाणारें हौशी मूल आहे, त्या घरांत एखादा तरी रंगीत दिव्यांचा खेळ तयार होत असतो. आमच्याकडे जें घडलें तें वाचकांच्या घरींहि घडण्याचा संभव आहे. म्हणून घरगुती गोष्ट चारचौघांत सांगण्याचा संकोच बाजूस ठेवला आहे.

आमचा पुतण्या अकरावींत आहे. अभ्यासांत बरा; पण त्याचें खरें मन तपकीर गल्लींत. पुण्याच्या वाचकांस ही गल्ली कोठें आहे हें सांगावयास नको. मुंबईकरांनीं लॅमिंग्टन रोड आठवावा. खाऊचे पैसे सांठवून हा मुलगा तेथून पंचवीस रंगीत एल्‌ईडी दिवे, एक छोटा कंट्रोलर व किरकोळ सामान घेऊन आला. या दिव्यांची मौज अशी कीं, प्रत्येकाच्या पोटांत तांबडा, हिरवा व निळा असे तीन इवलेसे दिवे असतात आणि कंट्रोलर हुकूम करील त्या प्रमाणांत ते पेटतात. तिन्ही एकदम पेटले म्हणजे पांढरा रंग दिसतो. या सर्वांस ५ व्होल्टांची वीज लागते. घरांत इंटरनेटच्या जुन्या यंत्राचा १२ व्होल्टांचा ॲडॅप्टर धूळ खात पडला होता. पडलेली वस्तु उपयोगांत आणावी ही आमच्या घराण्याची जुनी शिकवण; तेव्हां मुलानें तोच घेतला आणि १२ चे ५ करण्याकरितां मध्यें ७८०५ या नांवाचा रेग्युलेटर बसविला. हाच तो काळा तुकडा. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, वर रंगीत कागद, आणि आंत एका प्लॅस्टिकच्या डबींत सारें यंत्र बसवून ती डबी गरम गोंदानें काडीला चिकटविलेली, असा कंदील सिद्ध झाला.

पहिल्या रात्रीं तो गॅलरींत लागला. प्रथम पांच-पांच तांबडे दिवे एकामागून एक धांवावेत, मग सर्व पंचवीस दिवे पांढरे शुभ्र व्हावेत आणि शेवटीं इंद्रधनुष्याचे रंग फिरावेत, असा बेत होता. परंतु इंद्रधनुष्य कांहीं उगवेना. मध्येंच दिवे विझत, क्षणभरानें पुन्हां लागत, आणि पहिल्या तांबड्यापासून सारें नव्यानें सुरू होई. मुलाची समजूत अशी झाली कीं, कंट्रोलरसाठीं आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममध्यें चूक आहे. तीन रात्री तो प्रोग्रॅम खोडीत आणि लिहीत बसला. डोळे तांबडे झाले, सकाळचा चहा समोर निवूं लागला, सहामाही परीक्षेचीं पुस्तकें उघडलींच नाहींत. चौथ्या रात्रीं गरम प्लॅस्टिकचा वास दिवाणखान्यापर्यंत आला. जाऊन पाहतों तों गोंद वितळून डबी एका बाजूस लोंबत आहे आणि रेग्युलेटरच्या शेजारची तिची भिंत वांकडी झाली आहे. कंदिलाचा कागद तेथून बोटभर अंतरावर होता.

आमचे वडील बंधु शिस्तीचे कडक. ते म्हणाले, “बस्स झालें. आपलें घर कागदाचें नसलें तरी कंदील कागदाचा आहे. उद्यां बाजारांतून साधा कंदील आणूं. हें सामान परीक्षा संपेपर्यंत माझ्या कपाटांत राहील.”

मुलगा उलट बोलला नाहीं. “बाबा, चूक सांपडली असती तर झालें असतें,” एवढेंच म्हणून तो तारा गुंडाळूं लागला. परंतु त्याचा चेहरा पाहून वहिनींना त्या रात्रीं घांस गोड लागला नाहीं. यंत्र बिघडणें निराळें आणि आपल्याला कांहीं येत नाहीं अशी मुलाची खात्री होणें निराळें. पहिलें दुरुस्त करतां येतें. दुसऱ्याला वर्षें लागतात.

अशा वेळीं झोपाळ्यावर माळ घेऊन बसलेली आमची आई म्हणाली, “अरे, एक सांगूं का? तांबडा असतांना तुझा कंदील छान चालतो. पांढरा झाला कीं माझे पुरते पांच मणीहि होत नाहींत, तों विझतो. चार रात्री मी हेंच बघतें आहें.”

हें ऐकतांच मी चमकलों. प्रोग्रॅममध्यें चूक असती तर तिला मण्यांचें आणि रंगांचें काय सोयरसुतक? तांबडे पांच दिवे आणि पांढरे पंचवीस दिवे यांत महत्त्वाचा फरक एकच, तो म्हणजे विजेचा. मी बंधूंजवळ एका दिवसाची मुदत मागितली. “उद्यां संध्याकाळपर्यंत कारण दाखवा,” असें म्हणून त्यांनीं ती दिली.

दुसरे दिवशीं सकाळीं कागद-पेन्सिल घेऊन आम्ही काका-पुतणे समोरासमोर बसलों.

“दिव्यांना किती प्रवाह लागतो?” मी विचारलें.

“काका, एका दिव्याच्या एका रंगाला जास्तींत जास्त २० मिलिअँपिअर. तांबडे पांच लागले म्हणजे १००.”

“आणि पांढरे पंचवीस?”

“एकेकाचे तीन रंग, म्हणजे ६०, पंचवीसांचे १५००. दीड अँपिअर.” तो थोडा थांबला. “म्हणजे पंधरापट झाले!”

“बरें. ॲडॅप्टर देतो १२ व्होल्ट, दिवे घेतात ५. मधले ७ कोठें जातात?”

“रेग्युलेटर ते काढून टाकतो.”

“काढून कोठें टाकतो?”

येथें त्याला उत्तर सुचेना. आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ मोठ्या माणसांनाहि हा प्रश्न कधीं पडलेला नसतो. निसर्गाच्या दप्तरांत ‘काढून टाकलें’ अशी नोंदच होत नाहीं. जेम्स जूल हा इंग्लंडांतील एका बिअरच्या कारखानदाराचा मुलगा. त्यानें १८४० च्या सुमारास प्रयोगांनीं दाखविलें कीं, तारेंतून वाहणारी वीज किती उष्णता उत्पन्न करील याचा नियम बांधून देतां येतो. पुढें त्याच्या आणि इतरांच्या श्रमांतून हें सिद्ध झालें कीं, शक्ति नाहींशी होत नाहीं, फक्त रूप पालटते. तेव्हां रेग्युलेटरनें अडविलेल्या ७ व्होल्टांची उष्णताच होते. दुसरें कांहीं होऊं शकत नाहीं.

जुन्या पद्धतीचा पंख्याचा रेग्युलेटर ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हें चटकन् पटेल. भिंतीवरील ती जाड पेटी पंखा हळूं केला म्हणजे तापत असे. पंख्याच्या वाटेंत ती तारेचा अडथळा घाली आणि अडविलेली वीज आपल्या अंगांत उष्णतेच्या रूपानें मुरवी. म्हणूनच पंखा एकवर ठेवला तरी त्या मानानें वीज वांचत नसे. ७८०५ हा त्याच कुळांतला, पण अधिक हुशार. समोरून ९ व्होल्ट येवोत कीं १२, तो आपला अडथळा आपणच कमीजास्त करतो आणि पलीकडे ५ व्होल्ट अचूक देतो. मात्र वरचा सारा भार त्याला सोसावा लागतो. बारा आण्यांपैकीं पांच आणे दिव्यांना मिळतात आणि सात आणे उष्णतेच्या खातीं जमा होतात.

हा जमाखर्च मांडण्यास एक गुणाकार पुरतो. अडविलेले व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे उष्णतेचे वॅट. तांबडे दिवे धांवत असतांना ७ गुणिले ०.१, म्हणजे ०.७ वॅट. पांढरे लागले कीं ७ गुणिले १.५, म्हणजे साडेदहा वॅट. मुलानें हा आंकडा लिहिला आणि त्याखालीं दोन रेघा ओढल्या.

इतक्यांत वडील बंधु आंघोळ करून बाहेर आले. कागदावर नजर टाकून ते म्हणाले, “साडेदहा वॅट म्हणजे असें काय मोठें? आमच्या लहानपणीं कंदिलांत चाळीस वॅटचा दिवा जळे. तेव्हां कधीं डबी लोंबली नाहीं.”

शंका रास्त होती, आणि तिच्या उत्तरांतच या प्रकरणाचें मर्म आहे. जुना तंतूचा दिवा आपल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेंतच घालवीत असे, हें खरें. परंतु तो कंदिलाच्या मध्यभागीं लोंबे, त्याची कांच मुठीएवढी मोठी असे आणि कंदिलाच्या वरच्या तोंडांतून गरम हवा निघून जाई. उष्णता किती आहे हा एक प्रश्न. ती किती जागेंतून बाहेर पडते हा दुसरा. थोडी उष्णता चिमुकल्या जागेंत कोंडली तर तेथील तपमान भलतेंच चढतें. ७८०५ नुसता, उघडा ठेवला, तर त्याच्या पोटांतील तपमान दर वॅटामागें आसपासच्या हवेपेक्षां सुमारें ६५ अंश सेल्सिअस वाढतें. हवा ३० अंशांची धरली तर ०.७ वॅटाला तें ७५ च्या घरांत जातें. ही गोष्ट सोसण्यासारखी. साडेदहा वॅटांचा हिशेब कागदावर सातशेंच्या वर जातो, आणि हा तुकडा बनविणारे तर १२५ अंशांच्या वर जाऊं नका असें बजावतात.

“मग तो जळून कसा गेला नाहीं?” मुलानें विचारलें.

त्याचें श्रेय ज्यांनीं ही जात घडविली त्यांना आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील रॉबर्ट विडलर या इंजिनिअरनें ५ व्होल्टांचा असाच तीन पायांचा एक रेग्युलेटर तयार केला आणि त्याच्या पोटांतच एक राखणदार बसविला. आंतील तपमान फार चढलें कीं हा राखणदार प्रवाह तोडतो. निवलें कीं पुन्हां सोडतो. ७८०५ मध्येंहि अशीच योजना आहे. आमच्या कंदिलांत चार रात्री हेंच चाललें होतें. पांढरे दिवे लागले कीं राखणदार वीज तोडी, कंट्रोलर बेशुद्ध पडे, आणि वीज परत येतांच मागचें सारें विसरून पहिल्या तांबड्यापासून आरंभ करी. बिचारा प्रोग्रॅम निर्दोष होता!

हें ऐकून मुलाच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो कोणत्याहि कंदिलाहून मला अधिक मोलाचा वाटला. परंतु राखणदार आहे म्हणून दार उघडें टाकूं नये. तो स्वतःला वांचवितो. शेजारच्या डबीची, गोंदाची वा कागदाची जबाबदारी त्याच्यावर नाहीं. तुकडा किती तापला आहे हें बोट लावून पाहण्याची हौस मला आदल्या रात्रीं भोंवली होती. तो फोड हें लिहितांनाहि दुखतो आहे.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय सर्वांना ठाऊक असतो, तो हीटसिंकचा, म्हणजे पाती असलेला ॲल्युमिनिअमचा तुकडा पाठीला जोडण्याचा. चहा बशींत ओतला म्हणजे लवकर निवतो, तसेंच हें. बशीनें चहांतील उष्णता नष्ट होत नाहीं. ती हवेंत जाण्यास मोठी जागा मिळते इतकेंच. बेताच्या आकाराचा हीटसिंक लावल्यास दर वॅटामागें ६५ च्या जागीं १५-१६ अंश वाढ होते. एक-दोन वॅटांना हें पुष्कळ झालें. पण साडेदहा वॅटांना अशानेंहि १६० अंशांची वाढ होणारच; शिवाय डबी बंद असेल तर आंतील हवाच तापत जाते आणि बशींत ओतून झांकण ठेवल्यासारखें होतें.

दुसरा उपाय मुळावर घाव घालणारा, तो म्हणजे अडविण्याचे व्होल्टच कमी करणें. दिव्यांना ५ व्होल्ट हवेत तर ५ व्होल्टांचाच चांगला ॲडॅप्टर घ्यावा, म्हणजे रेग्युलेटरचें कामच उरत नाहीं. विजेचा प्लग कंदिलाजवळ असेल तर यापरतें सोपें व स्वस्त कांहीं नाहीं. आमच्याकडे मात्र प्लग दिवाणखान्यांत आणि कंदील गॅलरीच्या टोंकाला. मध्यें दहा मीटर बारीक तार. जाऊन-येऊन तिचा अडथळा एक ओहमचा धरला तर दीड अँपिअर प्रवाहाला दीड व्होल्ट तारेंतच खर्च होतात आणि दिव्यांच्या वांट्यास जेमतेम साडेतीन येतात. लांबच्या वाटेला व्होल्ट अधिक आणि प्रवाह थोडा असावा, हें तत्त्व गांवोगांव वीज नेणाऱ्या मोठ्या तारांचेंच आहे. म्हणून १२ व्होल्टांचा ॲडॅप्टर आम्ही ठेवला. चूक त्याची नव्हती.

तिसरा उपाय आम्हीं स्वीकारला. व्होल्ट कमी करण्याची दुसरी एक तऱ्हा आहे, आणि तिचें उदाहरण प्रत्येक घरांत इस्त्रीच्या रूपानें असतें. इस्त्री तापली कीं टक् असा आवाज होऊन वीज बंद होते. निवली कीं पुन्हां सुरू होते. जास्तीची वीज ती अडवून जाळीत नाहीं. नको तेव्हां घेतच नाहीं. स्विचिंग रेग्युलेटर असेंच करतो, फक्त भयंकर वेगानें. आम्ही आणलेला एल्‌एम् २५९६ हा सेकंदाला सुमारें दीड लक्ष वेळां वीज उघडतो व मिटतो. मधले हिसके तारेचें एक वेटोळें आणि कपॅसिटर मिळून गुळगुळीत करतात, आणि पलीकडे ५ व्होल्टांचा शांत प्रवाह मिळतो. यांतहि कांहीं वीज वाया जाते. पण शेंकडा ऐशीं भाग उपयोगीं पडतो. पांढऱ्या दिव्यांना साडेसात वॅट हवेत, तर हा सुमारें ९.४ घेतो, उष्णता होते १.९ वॅट. पूर्वीचे साडेदहा कोणीकडे आणि हे १.९ कोणीकडे! त्यावर मुलानें आणखी एक शहाणपण केलें. रात्रीच्या काळोखांत निम्मा उजेड पुष्कळ होतो हें पाहून त्यानें प्रोग्रॅममध्यें दिव्यांची तेजी अर्धी केली. उष्णता एका वॅटाच्या आंत आली.

“मग ७८०५ फेंकून द्यावा का?” त्यानें विचारलें. मुळींच नाहीं. एकट्या कंट्रोलरला ३० मिलिअँपिअर लागतात असें धरलें, तर १२ व्होल्टांवरूनहि ७८०५ चा खर्च ०.२१ वॅट, आणि तपमानाची वाढ १४ अंशांची. असें हलकें काम तो वर्षानुवर्षें बिनतक्रार करील. स्विचिंग रेग्युलेटरची बारीक खरखर रेडिओच्या वा आवाजाच्या मंडळांत शिरते, तेथें तर याचाच शांतपणा उपयोगीं पडतो. तो वाईट नव्हता; आपण त्याच्या शिरावर पंधरापट ओझें दिलें होतें.

कोणी म्हणेल कीं, ही सारी काटकसर किती पैशांची? पंधरा दिवस रोज पांच तास कंदील पांढरा ठेवला असता तरी वाया जाणारी वीज एक युनिटहि भरली नसती. प्रश्न पैशांचा नव्हता. उष्णता कागदापासून बोटभर अंतरावर होती, हा होता. म्हणून ज्यांच्या घरीं असे खेळ चालतात त्यांना चार गोष्टी सुचवितों. जोडणी करण्यापूर्वीं ‘अडविलेले व्होल्ट गुणिले अँपिअर’ हा गुणाकार कागदावर मांडावा, आणि तो सर्व दिवे पूर्ण तेजानें पांढरे आहेत असें धरून मांडावा. उत्तर एका वॅटाच्या पुढें गेलें कीं नुसता, उघडा रेग्युलेटर वापरूं नये. तापणारा भाग कागद, गोंद व कापूस यांपासून दूर, वर-खालीं भोंकें असलेल्या डबींत ठेवावा आणि पहिला तासभर समोर बसून पाहावें. आणि मुलांनीं आपलें सारें कौशल्य बंद ॲडॅप्टरच्या अलीकडे चालवावें. भिंतींतील २३० व्होल्टांशीं खेळ नको.

संध्याकाळीं बंधूंच्या पुढें हिशेबाचा कागद ठेवला. त्यांनीं चष्मा लावून प्रत्येक गुणाकार स्वतः ताडून पाहिला, एका ठिकाणचा दशांशचिन्हाचा घोटाळा काढला, आणि मग म्हणाले, “कारण सांपडलें आहे. लावा कंदील. पण आज पहारा मी करीन.”

वसुबारसेच्या त्या संध्याकाळीं कंदील लागला. तांबडे दिवे धांवले, मग पांढरा उजेड गॅलरीभर पसरला. आई माळ ओढीत होती. पांच मणी झाले, दहा झाले, आणि इंद्रधनुष्य फिरूं लागलें. तासाभरानें बंधूंनीं खुर्चीवर चढून डबीला हात लावला. “कोमट आहे,” एवढेंच ते बोलले. मुलाचें सामान ज्या कपाटांत जावयाचें होतें, त्या कपाटांत आतां तो हिशेबाचा कागद घडी करून ठेवलेला आहे. आणि सहामाहीचीं पुस्तकें त्याच रात्रीं उघडलीं गेलीं, हेंहि वाचकांच्या माहितीसाठीं नमूद करतों.